बँडवाले कुसाका

एका माणसाने भर सभेत सांगितलेली गोष्ट मी मराठीत सांगताना बदलली. अनवधानाने नव्हे किंवा शब्द सापडला नाही म्हणूनही नव्हे. त्यांचे इंग्रजी सोपे होते आणि माझे मराठी पुरेसे होते. ती गोष्ट त्या सभेच्या कानी पडू नये असे मला वाटले, म्हणून मी तिच्या जागी दुसरी ठेवली. पुढे त्या दुसऱ्या गोष्टीचा दोष त्यांच्यावर आला, तेव्हा मी हाताच्या अंतरावर उभा होतो आणि गप्प राहिलो. हे मी माझ्या पत्नीलाही कधी सांगितले नाही. आता त्या माणसाविषयी लिहायला बसलो आहे, तर हे आधी लिहिणे भाग आहे. नाहीतर पुढचे सारे कौतुक माझ्याच सोयीचे ठरेल.

त्यांचे नाव कुसाका. ते जपानी होते आणि सॅक्सोफोन वाजवीत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बँकेने मला लखनौला पाठवले. विकास नगरात गोंडाणे साहेबांच्या घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली. साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे, एका सरकारी उपक्रमात अधिकारी, आणि लखनौत नोकरीनिमित्त आलेल्या आम्हा मराठी बौद्ध कुटुंबांच्या मंडळाचे अध्यक्ष. मी अविवाहित होतो, वयाने सर्वांत लहान होतो आणि माझे अक्षर बरे होते. एवढ्या भांडवलावर मला मंडळाचे चिटणीस करण्यात आले.

गच्चीवर एक खोली होती, तिला तिकडे बरसाती म्हणतात. एके दिवशी दलालाने त्या खोलीसाठी एक उंच, किडकिडीत, करड्या केसांची शेंडी बांधलेला परदेशी माणूस आणला. जपानचा, एवढे कळताच साहेबांनी पुढचे काही विचारलेच नाही. आत येऊन ते आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले, "जपानचे आहेत. म्हणजे आपलेच." साऱ्या प्रकरणाचे बी या एका वाक्यात होते. आम्हा लोकांच्या मनात जपान म्हणजे बुद्धांचा देश होता, आणि तिथला प्रत्येक माणूस पहाटे उठून वंदना म्हणतो याविषयी आमची खात्री होती.

काकूंनी त्याच संध्याकाळी वर फुले आणि मेणबत्त्यांचा पुडा पाठवला. मेणबत्त्या भराभर संपू लागल्या. काकू अंगणातून गच्चीच्या खिडकीत हलणारी ज्योत पाहत आणि मला म्हणत, "बघ ना भाऊ, किती श्रद्धा आहे माणसाची. दिवा विझूच देत नाही जी ते."

मी वर जात असे, त्यामुळे मला खरे ठाऊक होते. सॅक्सोफोनच्या प्रत्येक झडपेखाली चामड्याची एक बारीक गादी असते आणि ती लाखेने चिकटवलेली असते. लखनौच्या उन्हाळ्यात ती लाख मऊ पडे आणि गाद्या सरकत. कुसाका मेणबत्तीच्या ज्योतीवर झडप तापवून त्या पुन्हा बसवीत. तेव्हा त्यांची मुद्रा इतकी एकाग्र असे की खालून पाहणाऱ्याने हात जोडावेत यात नवल नव्हते. मी काकूंना काही सांगितले नाही. त्यात कुणाचे काही बिघडत नव्हते, असे मला तेव्हा वाटले. गप्प राहण्याची सवय अशीच निरुपद्रवी जागी लागते.

सकाळी ते गच्चीत उभे राहून एकच स्वर लांबवीत. एक स्वर, दम संपेपर्यंत; मग तोच पुन्हा. पलीकडच्या घरातले निवृत्त तिवारीजी एकदा कठड्याशी आले आणि म्हणाले, "जनाब, यह भैंस कब तक रोएगी?"

कुसाकांनी तोंडातून वाद्य काढले, वाकून अभिवादन केले आणि म्हणाले, "जब तक सुर में नहीं रोती."

त्यांचे हिंदी तेव्हा नवे होते, पण ते ज्या ठिकाणी शिकत होते तिथे हजरजबाबीपणा आधी येई आणि व्याकरण मागून. तिवारीजी हसले. पुढे तेच सकाळचा चहा कठड्यावरून द्यायला लागले.

जपानमधली त्यांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली. ऐंशीच्या दशकात टोकियोत विजेची गिटार, विजेचा पियानो आणि जॅझ यांचे मिश्रण असलेल्या, ज्याला फ्यूजन म्हणत, त्या संगीताची मोठी चलती होती. कुसाका अशा एका बँडमध्ये होते. त्यांच्या तबकड्या खपत, मोठाल्या सभागृहांत कार्यक्रम होत, मोटारींच्या जाहिरातींना त्यांचा सॅक्सोफोन असे. हे सारे सांगताना ते दुसऱ्या कुणाच्या आजाराविषयी बोलावे तसे बोलत. "मेरी सबसे मशहूर धुन दुकान की लिफ्ट में बजती थी," ते म्हणत. "लोग ऊपर जाते थे, मैं बजता था. लोग नीचे आते थे, मैं बजता था. कोई सुनता नहीं था. कोई उतरता भी नहीं था."

तबकडीवर त्यांनी एकदा जो एकल तुकडा वाजवला होता, तोच प्रत्येक कार्यक्रमात स्वरन्‌स्वर तसाच वाजवावा, अशी कंपनीची अट होती. श्रोते तो ऐकायलाच येतात, असे तिचे म्हणणे. कुसाकांनी काही वर्षे तो वाजवला. मग एका संध्याकाळी भरल्या सभागृहात, त्या तुकड्याची जागा आली तेव्हा त्यांनी एकच खर्जातला स्वर धरला आणि साऱ्या तुकड्याभर तोच धरून ठेवला. बँडमधल्या माणसांना वाटले वाद्य अडकले. पडद्यामागे कंपनीचा माणूस पांढराफटक उभा होता. "फिर उसने पूछा, कल क्या बजाओगे? मैंने कहा, मालूम नहीं. उसने कहा, तो कल मत आना." एवढे सांगून ते समाधानाने मुळा खात. भाजीवाल्याकडून पांढरा मुळा घेऊन तो तसाच चावून खाणे ही त्यांची एकमेव चैन होती.

भारतात ते दिल्लीच्या कुठल्याशा महोत्सवासाठी आले आणि दोन दिवस लखनौ पाहायला म्हणून उतरले. रिक्षा एका बारातीत अडकली. समोर लाल कोट घातलेला बँड होता आणि त्यात एक म्हातारा क्लॅरिनेट वाजवीत होता. ते सिनेमाचेच गाणे होते, पण म्हातारा प्रत्येक कडव्याला ते वेगळ्याच गल्लीतून घरी आणत होता. कुसाका रिक्षातून उतरले आणि नवरीच्या दारापर्यंत बारातीबरोबर चालत गेले. त्यांनी एका संगीत विद्यालयात नाव नोंदवून विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवाना मिळवला. शिकायला मात्र ते त्या म्हाताऱ्याकडेच गेले. त्याचे नाव नन्हे मास्टर.

नन्हे मास्टर जुन्या शहरातले. पान खाणारे, तिरके बोलणारे आणि स्वतःच्या क्लॅरिनेटवर निस्सीम प्रेम असणारे. कुसाकांचे वाजवणे त्यांना मुळीच पसंत नव्हते. "जापानी, तुम बजाते बहुत हो," असे ते चारचौघांत सुनावत. "अमाँ, दूल्हा घोड़ी पर बैठा है, हवाई जहाज़ पर नहीं. उसे दुल्हन के घर पहुँचाना है, टोक्यो नहीं."

कुसाका हे शिव्याशाप अलंकारासारखे मिरवीत. गच्चीवर येऊन मला सांगत, "आज मास्टर ने बोला, मैं थोड़ा कम ख़राब था."

बँडच्या मालकाला आपल्या हाती काय लागले आहे ते लवकरच उमगले. त्याला गाडीवर मोठ्या अक्षरांत जपानचे नाव रंगवायचे होते आणि कुसाकांना सर्वांच्या पुढे, नवरदेवाच्या घोड्यालगत उभे करायचे होते. कुसाकांनी साफ नकार दिला. त्यांनी दुसऱ्या रांगेत, ढोलवाल्याच्या उजव्या हाताला आपली जागा धरली आणि ती कधी सोडली नाही. एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी फर्मावले, की बाकीच्यांनी जरा थांबावे, फक्त जपानी वाजवील, फोटो काढायचा आहे. कुसाकांनी टोपी काढली आणि सॅक्सोफोन मांडीवर घेऊन ते भर रस्त्यात फतकल मारून बसले. घोडा थांबला, नाचणारे थांबले, मागे वाहनांची रांग लागली. काका चिडले, मग विनवू लागले. कुसाका हाताने नुसते नन्हे मास्टरांकडे दाखवीत राहिले. शेवटी मास्टरांनी क्लॅरिनेट ओठांना लावले, तेव्हाच ते उठले. हा प्रसंग मला मास्टरांनीच सांगितला, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "बदतमीज़ आदमी है. अपना है."

हे सारे मला माहीत होते. गोंडाणे साहेबांना यातले काही माहीत नव्हते. जपानी पाहुणे संध्याकाळी शास्त्रीय संगीताच्या तालमीला जातात अशी त्यांची समजूत होती, आणि मी ती तशीच राहू दिली होती.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला साहेबांनी कुसाकांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. सेक्टरच्या सामुदायिक केंद्रात सभा होती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, गावाकडून सुनांकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या, खुर्च्यांखाली पळापळ करणारी मुले. कुसाकांनी हिंदीत बोलायला नकार दिला. बँडमधले हिंदी सभेत शोभायचे नाही असे त्यांचे मत होते, आणि ते बरोबर होते. ते इंग्रजीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार असे ठरले.

ते सावकाश, एकेक वाक्य माझ्या हातात ठेवल्यासारखे बोलले. माइक माझ्यापुढे होता; त्यांचे हळू, जपानी उच्चारांचे इंग्रजी माझ्यापलीकडे कुणाला नीट ऐकू जात नव्हते. त्यांचे वडील एका विहाराचे पुजारी होते आणि आजोबाही. तो विहार त्यांच्याकडे यायचा होता, पण ते तरुणपणीच सॅक्सोफोन घेऊन तिथून पळाले. त्यांना प्रार्थना जमत नाही आणि जमली तरी ते करणार नाहीत. लखनौत ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात, आणि नन्हे मास्टर नावाचे बँडवाले त्यांचे गुरू आहेत. तुम्ही मला बोलावले म्हणजे माझ्या बँडला बोलावले असे मी मानतो, आणि त्याबद्दल तुमचा आभारी आहे, असे म्हणून ते थांबले.

मी मराठीत सांगितले की पाहुण्यांचा जन्म पुजाऱ्यांच्या घराण्यात, विहारात झाला. तो वारसा मनात घेऊन ते बुद्धांच्या भूमीत आले आहेत. इथे ते एका थोर उस्तादांच्या चरणी भारतीय संगीताची साधना करीत आहेत. तुमच्या दर्शनाने ते धन्य झाले आहेत.

बँड हा शब्द मी उच्चारला नाही. तो का टाळला, ते सांगायला मला आजोबांकडे जावे लागते. माझे आजोबा गावात डफडे वाजवीत. वरच्या आळीत लग्न असो की मयत, निरोप आला की जायचे, पुढे चालत वाजवायचे, आणि पंगत उठल्यावर उंबऱ्याबाहेर बसून उरलेले खायचे. धर्मांतरानंतर आजोबांनी आणि त्यांच्या भावकीने वाजवायला नकार दिला. गावाने त्यांचे काम तोडले, पाणी तोडले. तरी डफडे पुन्हा हातात घेतले नाही. त्या सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात असा एक आजोबा होता. दुसऱ्याच्या लग्नात वाजवणारा माणूस त्यांच्यासमोर मुख्य पाहुणा म्हणून उभा आहे, आणि तो ते अभिमानाने सांगतो आहे, हे त्यांना सोसणार नाही असे मी ठरवले. मीच ठरवले, त्यांना विचारले नाही.

एका म्हातारीने पुढे येऊन कुसाकांच्या पायांना हात लावला. काकू डोळे पुसत होत्या. मग कुसाकांनी सॅक्सोफोन उचलला आणि काकू रोज पहाटे म्हणत ती वंदनेची चाल, गच्चीवरून ऐकून ऐकून लक्षात राहिलेली, हळूच वाजवायला सुरुवात केली. दोन ओळींनंतर ती चाल त्यांच्या हातून निसटून भलतीकडेच निघाली, आणि मुले आनंदाने खिदळली. त्यांना थांबवायचे कुणाला सुचले नाही.

सभा संपल्यावर कुसाका माझ्यासमोर कमरेपर्यंत वाकले. "गाज-सान," ते म्हणाले. गजभिये हे माझे आडनाव त्यांना जमत नसे. "शुक्रिया. मुझे डर था, बैंड सुनकर लोग हँसेंगे. कोई नहीं हँसा. लोग रोए. तुमने बहुत अच्छा बोला."

मीही वाकलो.

तो उन्हाळा आणि पावसाळा कुसाका वसाहतीत साधुपुरुष म्हणून वावरले. त्यांना याचा पत्ता नव्हता. लोक नमस्कार करीत, ते परत करीत. नव्याने जन्मलेल्या मुलांना त्यांच्या मांडीवर ठेवले जाई आणि ते गोंधळून त्यांना सॅक्सोफोनच्या झडपा दाखवीत.

थंडीत लग्नसराई सुरू झाली. आमच्याच सेक्टरमध्ये, बाजारालगतच्या मैदानात एक मांडव पडला. मुलीचे वडील साहेबांच्या कार्यालयातले, म्हणून साहेब, काकू आणि मी वधूपक्षाकडून दारात उभे होतो. बारात आली. डोक्यावर दिव्यांची झुंबरे घेतलेल्या बायका, नाचणारी पोरे, मग बँड. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, गाल फुगवलेले कुसाका. काकूंनी आधी ओळखले.

"अहो, जपानी साहेब आहेत का जी ते?"

कुसाकांनीही आम्हाला पाहिले. त्यांचे डोळे आनंदाने मिटल्यासारखे झाले. वाद्य तोंडातून न काढता ते आम्हाला वाकून अभिवादन करू लागले, त्यामुळे सॅक्सोफोनचा स्वरही वाकला. साहेब वळले आणि न जेवता घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कुसाकांना अंगणात बोलावले. मी नळाशी उभा होतो. काकू दारात होत्या.

"कुसाका साहब, आपने हमसे झूठ बोला," साहेब म्हणाले.

"क्या झूठ?"

"सबके सामने मंच से कहा, विहार का वारसा लेकर आया हूँ. उस्ताद के पास साधना करता हूँ. हमारी माँओं ने आपके पाँव छुए. और आप बारात में बाजा बजाते हैं?"

कुसाकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. एखाद्या साथीदाराचा ताल कुठे चुकला ते शोधावे, तसे. मी नळाकडे पाहिले. नळ बंद होता. मी तो आणखी घट्ट केला.

"मैंने जो बोला था, वही बोला था," एवढेच ते म्हणाले.

"आपको मालूम है हमारे बाप-दादा ने यह काम क्यों छोड़ा?" साहेबांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "दूसरों की शादी में बजाते थे. खाना बाहर बैठकर मिलता था. छोड़ा तो गाँव ने पानी बंद कर दिया. मेरे बाप ने वो ढोल कुएँ में फेंका था. और आप शौक़ से वही पहनकर मेरे दरवाज़े तक आ गए."

 कुसाकांनी आपले बँडमधले हिंदी उघडले.

"गोंडाने साहब. आपके पिताजी को बजाना पड़ता था. उन्होंने ना कहा. बहुत बड़ा ना. मेरे घर में पूजा करनी पड़ती थी. मैंने ना कहा. छोटा ना. टोक्यो में रोज़ एक ही धुन बजानी पड़ती थी. फिर ना कहा. हम दोनों ना बोलने वाले लोग हैं. अब मैं बजाता हूँ, कोई बजवाता नहीं. कोई बोले, बाहर बैठकर खाओ, तो मैं रास्ते पर बैठ जाता हूँ, बारात नहीं चलती. अब आप बोलते हैं, बैंड मत बजाओ. तो माफ़ कीजिए. आपको भी ना."

 साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले, हे मी पाहिले. मग ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गजभिये, यांना नीट समजावून सांग. बँडचं मी एक वेळ चालवून घेतलं असतं. माणूस बोलला ते काही अगदीच चुकीचं नाही. पण धम्माच्या मंचावरून खोटं बोलणाऱ्याला माझ्या घरात जागा नाही. खोली रिकामी करा म्हणावं."

तो क्षण माझ्यासमोर मांडून ठेवला होता. एक वाक्य पुरे झाले असते. मी साहेबांचे म्हणणे कुसाकांना इंग्रजीत सांगितले, शब्दन्‌शब्द, काही न गाळता. त्या दिवशीचे माझे भाषांतर अचूक होते.

ते दुपारीच निघाले. काकूंनी भाकरी बांधून दिली. "खोटं बोलले म्हणून उपाशी काहून जायचं," असे त्या स्वतःशीच म्हणाल्या. कुसाका रिक्षात बसले, सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेतली, तिवारीजींना हात केला आणि नन्हे मास्टरांच्या गल्लीत राहायला गेले.

वसाहतीत त्यांचे नाव 'ढोंगी जपानी' पडले. मी चिटणीस म्हणून प्रत्येक बैठकीला हजर असे आणि ते नाव ऐकत असे.

माझी बदली ठरली तेव्हा मी त्यांना शोधत गेलो. फैजाबाद रस्त्यावर, चिनहटच्या अलीकडे, त्यांचा बँड एका लग्नाला वाजवीत होता. संध्याकाळ नुकतीच उलटली होती. वाटेतल्या एका नातेवाइकाच्या दारात नवरदेवाचे स्वागत चालले होते आणि बँडवाले रस्त्याच्या कडेला बसून चहा पीत होते. कुसाका सॅक्सोफोनच्या वरच्या वाकड्या नळीत साचलेले पाणी झटकत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि इंग्रजीत सारे सांगितले. मी काय बदलले, का बदलले, अंगणात गप्प का राहिलो. शेवटी क्षमा मागितली.

त्यांनी ऐकून घेतले. "मुझे क्यों बोलते हो, गाज-सान?" ते म्हणाले. "मुझे तो मालूम है."

"तर मग त्या दिवशी तुम्ही का नाही सांगितलं? साहेबांनी तुम्हाला ठेवून घेतलं असतं," मी विचारले.

"वह तुम्हारा झूठ है, तुम उठाओ. मैं यह उठाता हूँ." त्यांनी सॅक्सोफोन किंचित वर केला. "यही काफ़ी भारी है. और माफ़ी मराठी में बोलो. जिनसे झूठ बोला, उनसे."

पलीकडून मास्टर ओरडले, "अमाँ जापानी, गुफ़्तगू हो गई हो तो उठो. दूल्हा घोड़ी पर चढ़ गया."

ते उठले. कोटाची झालर एका बाजूला उसवली होती. बँड रांगेत लागला, दिव्यांची झुंबरे उचलली गेली, आणि थोड्याच अंतरावर जनित्र खोकून बंद पडले. सारा रस्ता एकदम काळोखात गेला. नाचणारे थांबले, घोडा बिचकला, एकेक करून वाद्ये गप्प झाली. दुसऱ्या रांगेतला सॅक्सोफोन मात्र थांबला नाही. तो आधी एकटाच पुढे चालत राहिला. ते मला दिसत नव्हते, फक्त आवाज सरकतो आहे एवढे कळत होते. मग त्याच्यामागून क्लॅरिनेट निघाले, चिडलेले, कुरकुरत. मग ढोल. दिवे परत लागले तेव्हा बारात बरीच पुढे गेली होती आणि मला फक्त लाल पाठी दिसल्या. त्यांतली त्यांची कोणती, ते ओळखता आले नाही.

त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही. मास्टर वारल्यावर ते लखनौ सोडून गेले, एवढे ऐकले. कुठे गेले ते कुणी सांगू शकले नाही. मी आठ-दहा गावे फिरलो, संसार केला. ज्यांच्याशी खोटे बोललो ते लोक एका सभागृहात एकत्र मिळणे आता शक्य नाही, असे मी स्वतःला समजावीत राहिलो. ते खरे नव्हते. दर पौर्णिमेला ते एकत्र मिळतच होते.

या वर्षी बँकेने मला पुन्हा लखनौला आणले. बुद्धपौर्णिमेला मी पत्नीसह गेलो. वसाहत जानकीपुरमपर्यंत पसरली आहे, सभागृह मोठे झाले आहे. गोंडाणे साहेब आता नाहीत. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा अध्यक्ष आहे. मराठी सारे समजते, पण बोलताना हिंदीच येते अशा पिढीतला. पुढच्या वर्षी परदेशातून कुणा अभ्यासकाला बोलवावे असा विषय निघाला, तेव्हा तो माइकवर हसत म्हणाला, "बोलवू या, पण चेक करून हाँ. नाहीतर पुन्हा तो ढोंगी जपानी व्हायचा. स्टेजवर साधू, रस्त्यावर बैंडवाला." सारे हसले. ज्यांनी कुसाकांना कधी पाहिले नव्हते, तेही हसले. काकू हसल्या नाहीत.

मी उठलो. पत्नीने माझी बाही धरली, मग सोडली. अध्यक्षाला वाटले मला आभार मानायचे आहेत; त्याने माइक माझ्या हाती दिला.

"ते जपानी गृहस्थ खोटं बोलले नाहीत," मी म्हणालो. "त्यांचं नाव कुसाका. त्यांनी आपल्या मंचावरून सांगितलं होतं, की मी विहार सोडून पळालो, मी प्रार्थना करत नाही, मी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो आणि बँडवालेच माझे गुरू आहेत. यातलं एकही मी तुम्हाला मराठीत सांगितलं नाही. मी माझ्या मनाचं सांगितलं. तुम्हाला खरं सोसणार नाही, असं मी परस्पर ठरवलं. साहेबांनी त्यांना घराबाहेर काढलं, ते माझ्या खोट्यापायी. मी त्या अंगणात उभा होतो आणि बोललो नाही."

माझा आवाज मुळात लहान. मागच्या रांगेतून एक तरुणी उठून म्हणाली, "अंकल, थोड़ा हिंदी में बोलिए न. पूरा समझ नहीं आया."

काकू मागे न वळता म्हणाल्या, "सांग भाऊ. त्यांना पण कळू दे."

मी तेच सारे पुन्हा हिंदीत सांगितले, वाक्यामागून वाक्य, काहीही न बदलता. शेवटी आलो तेव्हा म्हणालो, "झूठ कुसाका साहब ने नहीं, मैंने बोला था. काकू, मुझे माफ़ कर दीजिए. आप सब मुझे माफ़ कर दीजिए. और कुसाका साहब जहाँ भी हों, उनसे भी मैं माफ़ी माँगता हूँ."